पिंपं निघाल्यावर

भागवत, काल तुझ्या तेराव्याचं जेवून आलो. सहा वर्षांत तुझ्या घरी कपभर चहाला फिरकलो नाही आणि आलो तो थेट पंगतीला. बजाजनगरात तुझी गल्लीच सापडेना. तू सांगायचास त्या खुणा, पिठाची गिरणी, कोपऱ्यावरचा पाण्याचा हापसा, काही राहिलेलं नाही. जिथं बघावं तिथं बैठ्या घरांवर दोन-दोन मजले चढलेत. कारखान्यातली पाळी संपवून चाललेल्या एकाला विचारलं, "टीव्ही दुरुस्त करणारे भागवत कुठं राहतात?" त्यानं आधी माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "ते वारले की काका. तो मांडव दिसायलाय ना, तेच घर."

मांडव मला दिसत होता. पाय उचलत नव्हता.

निघताना कमलवहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पुडी माझ्या हातात दिली. आत माइक होता. आगपेटीएवढा काळा माइक, त्याची लांबलचक वायर नीट वेटोळं करून रबरानं बांधलेली. हाच माइक तू ढापलास, विकून खाल्लास, असं मी चार लोकांत बोललो होतो. पुडीवर तुझी ती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या बॉलपेननं तुझं अक्षर: "कुलकर्णी साहेब. पिंपं निघाल्यावर. मीच लावणार."

त्या पट्ट्यांवरून मी तुझी किती चेष्टा केली. तुझ्या उस्मानपुऱ्यातल्या दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला तू पट्टी लावायचास. पण काय झालं ते कधी लिहायचा नाहीस, काय राहिलं तेवढंच लिहायचास. 'खरखर बाकी.' 'बटण नवं टाकायचं.' काम पुरं झालं की पट्टी ओरबाडून टाकायची. मी सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस, मला हे उरफाटं वाटायचं. झालेल्या कामाची नोंद ठेवावी, असं मी तुला शिकवायला जायचो. "झालेलं ध्यानात राहतंच की साहेब," तू म्हणायचास, "राहिलेलं इसरतं." आणि चहा सांगायचास.

आपली दोस्ती कशी जमली हे सुनंदा माझ्यापेक्षा चांगलं सांगते. दर महिन्याला थिएटरात एक सिनेमा, हा आमच्या संसाराचा नेम होता. तिचे गुडघे गेले, पायऱ्या बंद झाल्या, आणि सतत बोलणारी माझी बायको गप्प झाली. तू टीव्ही दुरुस्त करायला आलास, अर्धा तास तिच्याशी सिनेमावर वाद घातलास, आणि जाताना म्हणालास, "वहिनी, टॉकीजला जाता येत नसंल तर टॉकीज इथं आणू की." मी हसलो. तू मात्र पुढची दहा वर्षं आमच्या हॉलमध्ये टॉकीज आणत राहिलास. आज एक जुना स्पीकर, पुढल्या दिवाळीला दुसरा. असे पाच जमवलेस. त्यांना ताकद देणारा ॲम्प्लिफायर तर तू स्वतःच्या हातानं जोडलास. सोयगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा तू, वाळूजच्या कारखान्यात राबून मग दुकान टाकलेला. मी पंचांग आणि कारकुनी करणाऱ्या घरातला. तू मला शेवटपर्यंत 'अहो साहेब' म्हणालास आणि मी तुला 'अरे भागवत'. तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा होतास. तेव्हा हे कधी मनात आलं नाही, कालपासून येतंय.

सगळं जमलं, घोडं अडलं ते प्रोसेसरवर. आधीचा स्वस्तातला डबा म्हातारा झाला होता. गाणी दणक्यात वाजायची आणि माणसं बोलायला लागली की शब्द चिखलात रुतल्यासारखे. सुनंदा दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाला तो?" मी सांगायचो आणि तेवढ्यात पुढचं निघून जायचं. प्रोसेसर म्हणजे काय, हे तू तिला एका वाक्यात सांगितलंस. "पंगतीतला वाढपी हाय तो वहिनी. सैपाक कितीबी चांगला असू द्या, कुणाच्या पानात काय आन् किती, हे त्याला कळलं नाय तर पंगत बिघडली."

तीस हजारांच्या वर जायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. तेवढ्यात नवा, चांगला मिळणं शक्य नव्हतं; म्हणजे वापरलेला घ्यायचा. पुण्याच्या माझ्या मेहुण्यानं फोनवर सल्ला दिला की जुनं काही घेऊ नका, दुकानातून नवं कोरं खोकं उचला. मी ते खोकं बघूनही आलो. सोयींची यादी एवढी लांब की वाचता वाचता चष्मा पुसावा लागला. तू यादी वाचलीस आणि विचारलंस, "आपल्याकडं स्पीकर पाच. नऊ स्पीकरांची सोय घिऊन उरलेल्या चारांच्या जागी काय मांडायचं, उशा?"

मग आपण तुझ्या मोटारसायकलवरून हिंडलो. वाळूजच्या एका इंजिनियरकडचा डबा जेमतेम चार वर्षांचा होता, चकचकीत, मागं सगळ्या नव्या जोडण्या. मी मनात पैसेसुद्धा देऊन टाकले होते. तू तो उलटा केलास, तळाच्या स्क्रूंवरून बोट फिरवलंस, जाळीला नाक लावलंस आणि "बरंय, कळवतो," म्हणून बाहेर आलास. रस्त्यावर म्हणालास, "स्क्रूची डोकी खरवडलेली हायेत. कुणीतरी उघडलाय. आन् आत जळल्याचा वास हाय." मला पटलं नव्हतं. घरी जाऊन मी सुनंदाला म्हणालो की भागवतला नवं काही आवडतच नाही.

सिडकोतल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यावर तुला हवं ते सापडलं. दहा वर्षांचा प्रोसेसर. एके काळी लाखाच्या घरातला, आता काच मंद झालेली, वजन गव्हाच्या पोत्याएवढं. नव्या पद्धतीचं चित्र त्यातून जाणार नव्हतं. चित्राची वायर सरळ टीव्हीला आणि आवाजाची वेगळी याला, असं करावं लागणार होतं. मी नाक मुरडलं. तू डॉक्टरांना सांगून तो दोन तास चालू ठेवलास. मधूनमधून झाकणावर तळहात ठेवून बघायचास, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मागच्या प्रत्येक जोडणीत वायर घालून प्रत्येक स्पीकर वाजवून पाहिलास. मग काहीच न लावता आवाज पूर्ण वाढवलास आणि मला जवळ बोलावलंस.

"काय ऐकू यायलंय?"

"काहीच नाही."

"तेच ऐका. गाणं कोणताबी डबा वाजवतो साहेब. याचं गप बसणं बघा किती साफ हाय."

निघताना तू डॉक्टरांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्यास. रिमोट कुठं आहे आणि माइक कुठं आहे. माइकशिवाय तू सौदा करायला तयार नव्हतास. खोलीत बसून आवाज कुठून कसा येतो ते तो माइक ऐकतो आणि त्यावरून मशीन प्रत्येक स्पीकरचं माप ठरवतं. याच मशीनचा माइक याला चालतो, दुसरा नाही. डॉक्टरांच्या बाईंनी तीन कपाटं उपसली तेव्हा तो सापडला. भाव तूच पाडलास, बजेटच्याही खाली. डॉक्टरांनी तुला खुशीनं चहाचे म्हणून शंभर रुपये देऊ केले, ते तू घेतले नाहीस. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, भागवत. पाहूनही पुढं जे बोललो ते बोललो.

त्या वर्षी पाण्यानं सगळ्यांनाच वेड लावलं होतं. धरणाचा तळ दिसायला लागला, नळ आठवड्यातून एकदा, बाकी टँकर. लोक दारातल्या पिंपांना कुलपं घालत होते. माझा कुलपावर विश्वास नाही. मी तिन्ही निळी पिंपं सरळ हॉलमध्ये घेतली, डाव्या भिंतीला, टीव्हीशेजारच्या स्पीकरसमोर. पाहुणा आला तर आधी पिंपाला वळसा घालावा लागायचा. तू मशीन लावायला आलास आणि उंबऱ्यातच थांबलास. "साहेब, ही बाहेर नेता येतील का? घडीभर?" मी म्हणालो, सहाशे लिटर पाणी आहे, डोक्यावर घेऊन उभा राहतोस का? तू पुन्हा विचारलं नाहीस.

तू माप घेतलंस ते पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी गल्लीत कुणाचीच मोटर चालत नाही. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, मे महिन्याची दुपार. तू सुनंदाला तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलंस, तिचा कान किती उंचीवर येतो ते सुतळीनं मोजलंस, आणि मग त्या जागी स्टीलचा डबा पालथा घालून, त्यावर पंचाची घडी ठेवून, तिच्यावर माइक ठेवलास. मी म्हणालो, माझी खुर्ची पण आहे. तू म्हणालास, "सिनेमा वहिनींचा हाय." माणूस खोलीत असला की माप चुकतं म्हणून तिघंही बाहेर आलो, तू दार लावलंस, आणि आपण पायरीवर बसलो. आतून एकेका कोपऱ्यातून फुस्स, फुस्स असा आवाज येत होता.

त्या पायरीवर तू मला सगळं सांगितलं होतंस. काल पट्टी वाचली तेव्हा शब्दन् शब्द आठवला. "साहेब, हे माप पिंपांसकट हाय. डाव्या स्पीकरसमोर पाण्याची भिंत हाय, म्हणून मशीन त्याला जास्तीचा जोर दिल. पाऊस झाला, पिंपं निघाली, की मला बोलवा, पुन्हा माप घ्यावं लागंल. माइक मी दुकानात नेतो, त्याची पिन ढिली झालीय, तिला तोवर कथलाचा डाग देऊन ठेवतो." तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला. मी "हो हो" म्हणत घागरी घेऊन पळालो. सुनंदा तोवर शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली होती, तिच्या कानावर यातलं काहीच पडलं नाही. दुनियेची पत्रं नोंदवून घेणाऱ्या माणसानं तुझं एवढं एक बोलणं आवक केलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सिनेमा लावला. पूर्ण सिनेमाभर सुनंदानं एकदाही 'काय म्हणाला' असं विचारलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "भागवतला फोन लावा." फोनवर ती तुझ्याशी बोलली, मी फक्त "झकास आहे रे" एवढंच म्हणालो. आभार मानायचे राहिले. तुझे काय आभार मानायचे, असं वाटायचं मला.

पाऊस त्या वर्षी झाला. महालक्ष्म्या बसवायच्या म्हणून हॉल मोकळा केला, पिंपं गच्चीवर गेली, टीव्हीसमोर आरास आली. सण झाला, सुनंदा बहिणीकडं जाऊन राहिली, आणि मशीन पुन्हा लागलं ते एकदम दिवाळीत, पुण्याचा मेहुणा सहकुटुंब आला तेव्हा. मी मोठ्या ऐटीत सिनेमा लावला. डावीकडून आवाज असा बोचायला लागला की मेहुण्याच्या बायकोनं कानावर हात ठेवला. सगळे बोलणारे एका बाजूला ओढल्यासारखे. मेहुणा म्हणाला, "दाजी, भंगार गळ्यात मारलं तुमच्या." माझं तोंड उतरलं. आणि नेमका त्याच वेळी तू फराळाला आलास.

"या," मी म्हणालो, "हेच ते. यांनीच ही रद्दी मला घ्यायला लावली."

मेहुणा हसत म्हणाला, "कमिशन किती सुटलं?"

मी त्याला गप्प करायला हवं होतं. मी म्हणालो, "ते सांगतील होय?"

तू डाव्या कोपऱ्याकडं पाहिलंस, जिथं पिंपं होती तिथं. आता मला कळतं तू का पाहिलंस. "साहेब, ती पिंपं—" एवढं तू म्हणालास आणि मी हात वर केला. "राहू दे. आता आणखी काही समजावू नकोस." तुझ्या हातात एक शंकरपाळं होतं. ते तू खाल्लंस, ताटली खाली ठेवलीस, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन "येतो वहिनी" म्हणालास आणि गेलास. सुनंदा आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग मी मशीन विकायला काढलं. गिऱ्हाईक म्हणालं, याचा माइक? माइक नव्हता. मी चहाच्या टपरीवर, तुझ्या दुकानापासून दहा पावलांवर, मोठ्यानं म्हणालो की माइकसुद्धा त्यानंच लांबवला. टपरीवरचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचणार हे मला ठाऊक होतं. पोचावं म्हणूनच बोललो होतो, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मशीन माळ्यावर गेलं. शहर तर बघता बघता वाढलं. रस्ता रुंद झाला तेव्हा तुझं दुकान गेलं, मग मागच्या बोळात गेलं, मग तिथूनही. शहराच्या नावाची पाटी बदलली. एकदा क्रांती चौकात सिग्नलला तू शेजारी होतास, हेल्मेटमधून माझ्याकडं बघत. मी खिशातून मोबाइल काढून त्यात बघत राहिलो. तो बंद होता. सुनंदा अधूनमधून म्हणायची, "एक फोन करा." मी म्हणायचो, त्यानं करावा.

काल कमलवहिनी पुडी देताना म्हणाल्या, "लई जपलं व्हतं हे. दोनदा दुकान हललं, पण ही पुडी गल्ल्यातच. मी म्हणलं, नेऊन द्या ना. तर म्हणले, मापाचं काम हाय, मलाच करावं लागतंय. साहेब बोलवतील." मग म्हणाल्या, "एकदा गेलते की ते तुमच्याकडं. लगीच माघारी आले. म्हणले, साहेब घरी नव्हते."

मी मान डोलावली, भागवत. त्यांच्यासमोर तुझं खोटं मी तसंच राहू दिलं.

आज सकाळी माळ्यावरून मशीन काढलं. मी म्हणालो, पट्टीवर 'मीच लावणार' लिहिलंय, राहू दे. सुनंदा खुर्चीत येऊन बसली. "सहा वर्षं मी नुसते ओठ हलताना बघितलेत, तुमच्या रागापायी," ती म्हणाली. "लावा."

मला जमलं. तू लावताना पाहिलं होतं तेवढं हातांना आठवत होतं. तिचा कान सुतळीनं मोजला. पालथा डबा, पंचाची घडी, माइक. पिनेला तू दिलेला डाग अजून चमकत होता. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. डावा कोपरा मोकळा होता. सुनंदाला हात देऊन आत शेजघरात नेलं, दार लावलं, आणि मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. पट्टी मात्र ओरबाडली नाही, ती पिशवीसकट खिशात आहे.

आतून एकेका कोपऱ्यातून फुस्स, फुस्स आवाज यायला लागला. याच पायरीवर तू त्या दिवशी, टपरीवरच्या बोलण्यानंतर, ती पुडी घेऊन आला होतास. दोनदा बेल दाबलीस. मग बसलास. माझी स्कूटर फाटकाला टेकवलेली होती, माझ्या चपला तुझ्या पायाशी होत्या. सुनंदा बाहेर गेली होती. मी पडद्याआड उभा होतो, श्वास धरून, तू भांडायला आला असशील असं समजून. तू दहा मिनिटं तरी बसला असशील. उठताना माझ्या वेड्यावाकड्या पडलेल्या चपला तू पायानं नीट जोडून ठेवल्यास आणि गेलास.

मी घरी होतो, भागवत.